‘रेचिड’ कुणाला म्हणावं आणि कशाला म्हणावं

‘या दळभद्री गाडीला आजच बंद पडायचं होतं!’ या वाक्यातल्या ‘दळभद्री’ला इंग्रजीत जो शब्द चपखल बसतो, तोच शब्द गळक्या पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्या कुटुंबाचे हाल सांगतानाही येतो आणि रात्रभर उलट्या झालेल्या माणसाची सकाळची अवस्था सांगतानाही येतो. तो शब्द म्हणजे रेचिड. शब्दकोशात त्याच्यापुढे ‘दुःखी, दीन, वाईट’ असे तीन अर्थ एका ओळीत दिलेले असतात आणि घोटाळा तिथेच सुरू होतो. स्पर्धा परीक्षेचा निबंध लिहिणारा मुलगा तिन्हींतला एक अर्थ उचलतो आणि गरीब, आजारी, कष्टकरी अशा सगळ्यांच्या मागे हे विशेषण लावत जातो. वाचणाऱ्याला मात्र त्या माणसांची कीव केल्यासारखी वाटते, कधी कधी शिवी दिल्यासारखीही वाटते.

आधी उच्चार आणि स्पेलिंग पक्कं करू, कारण इथली चूक थेट अर्थ बदलते. अक्षरं आठ आहेत: डब्ल्यू, आर, ई, टी, सी, एच, ई, डी. सुरुवातीचा डब्ल्यू मुका आहे, राइट, राँग, रिस्ट, रॅप या शब्दांत असतो तसाच. उच्चार दोन तुकड्यांत करायचा, ‘रे-चिड’. जोर पहिल्या तुकड्यावर द्यायचा. ‘रेच्ड’ किंवा ‘रेच्ट’ असा एका दमात उच्चार करू नका, कारण तो वेगळाच शब्द होतो. डब्ल्यू नसलेलं रेच हे क्रियापद म्हणजे ओकारीचे उमाळे येणं आणि त्याच्या भूतकाळाचा उच्चार ‘रेच्ट’ होतो. म्हणजे लिहिताना डब्ल्यू गाळला की ‘हलाखीचं आयुष्य’ लिहायला गेलेल्या माणसाच्या हातून उमाळे लिहिले जातात. स्पेलचेक ही चूक पकडत नाही, कारण दोन्ही स्पेलिंग बरोबरच असतात.

शेवटच्या ई-डीचा उच्चार ‘इड’ का होतो, हे कळलं की आणखी डझनभर शब्द सुटतात. हा ई-डी क्रियापदाच्या भूतकाळाचा नाही. रेच (डब्ल्यूवालं) हे नाम आहे आणि त्या नामाला ई-डी लागून विशेषण झालं आहे. जुन्या इंग्रजीत असा ई-डी सगळीकडे वेगळा उच्चारत असत. पुढे क्रियापदांतला स्वर गळून गेला आणि काही जुन्या विशेषणांत टिकला. नेकिड, विकिड, रगिड, क्रुकिड, सेक्रिड ही त्याच घरातली भावंडं. लर्न्ड म्हणजे ‘शिकला’, पण विद्वान माणसाला लर्निड म्हणतात, हा फरकही त्यातलाच.

मधल्या टी-सी-एचमधला टी गाळण्याची चूकही फार होते. ऱ्हस्व स्वरानंतर ‘च’ आला की बहुतेक वेळा टी-सी-एच लिहितात: कॅच, फेच, किचन, स्ट्रेच. रिच, मच, सच, व्हिच (‘कोणता’ या अर्थाचा), अटॅच हे अपवाद तेवढे पाठ करून टाकावेत. डब्ल्यू-आर लक्षात राहत नसेल तर सोलापूरकरांसाठी सोपी खूण आहे. डब्ल्यू-आरनं सुरू होणाऱ्या बऱ्याच शब्दांत पीळ असतो. रिंग म्हणजे कपडा पिळणं, रेंच म्हणजे पाना, रिंकल म्हणजे सुरकुती, रेसल म्हणजे कुस्ती, रिगल म्हणजे वळवळणं. सुताच्या पिळाचं गाव असलेल्यांना हे पटकन डोळ्यांपुढे येतं. रेचिडचं मूळ पिळाचं नाही, ही फक्त आठवणीसाठी बांधलेली गाठ आहे.

मूळ आहे हाकलण्याचं. जुन्या इंग्रजीत ‘व्रेक्का’ म्हणजे हद्दपार केलेला, परागंदा झालेला माणूस. टोळीनं हाकलून दिलेल्याला ना घर, ना रक्षण, ना दाद मागायला जागा. म्हणून हद्दपार या अर्थाचा शब्द हळूहळू ‘हालात पडलेला’ असा झाला. मराठीत आपण ‘देशोधडीला लागला’ म्हणतो त्यातही नेमका हाच प्रवास आहे: धडी म्हणजे कडा, देशाच्या कडेला फेकला गेलेला तो कंगाल. याच मुळातला शब्द जर्मन भाषेत मात्र वेगळा वळला. तिथल्या ‘रेके’चा अर्थ झाला वीर योद्धा, म्हणजे एकटा भटकणारा शूर. इंग्रजीत मात्र हाकललेल्याकडे समाज ज्या दोन नजरांनी बघतो त्या दोन्ही शब्दात उतरल्या. एक नजर दयेची: बिचारा. दुसरी तुच्छतेची: हाकललंय म्हणजे तसाच असणार. शब्दातला हा दुहेरीपणा आजतागायत गेलेला नाही, आणि वापरातल्या बहुतेक चुका त्याच्याकडे दुर्लक्ष केल्यानं होतात.

सोलापूरच्या पूर्व भागातल्या, घरी तेलुगू बोलणाऱ्या मुलांना हे समजावून सांगायची फारशी गरज पडत नाही. तेलुगूतला ‘दिक्कुमालिन’ जवळपास याच जातीचा आहे. दिक्कु म्हणजे दिशा, आसरा. तो नसलेला तो दिक्कुमालिन. निराधार माणसालाही तो लागतो आणि ऐन वेळी बंद पडणाऱ्या यंत्रालाही रागानं लागतो. घरी कन्नड बोलणाऱ्यांना ‘दरिद्र’ या शब्दाची शिवीची बाजू माहीत असते. अशा मुलांनी मराठीतून इंग्रजीत जाण्याऐवजी थेट घरच्या भाषेतून जावं, शब्द लवकर बसतो.

आता वापर. वाक्यात रेचिड आला की आधी विचारायचं, तो कशाला लागलाय? माणसाच्या मनाला किंवा देहाला लागला असेल, तर अर्थ होतो ‘फार हालात, कासावीस’. ‘शी फेल्ट रेचिड ऑल डे’ म्हणजे दिवसभर तिला अगदी नकोसं झालं होतं. ते तापानं असेल, विरहानं असेल किंवा अपराधी वाटल्यानंही असेल. नक्की कशानं ते पुढच्या शब्दांवरून कळतं. ‘अबाउट’ आलं की बहुधा अपराधीपणा: ‘ही फेल्ट रेचिड अबाउट लायिंग टू हर’, खोटं बोलल्याचं त्याला मनातून खात होतं. इथे ‘ऑफ’ किंवा ‘फॉर’ लावू नका, ‘अबाउट’च.

जगण्याला, घराला, परिस्थितीला लागला तर मराठी शब्द ‘हलाखीचा’. रेचिड कंडिशन्स, रेचिड पॉव्हर्टी, अ रेचिड एक्झिस्टन्स या जोड्या इंग्रजीत इतक्या रुळल्या आहेत की त्या तशाच्या तशा उचलाव्यात. ‘रेचिड लाइफ’पेक्षा ‘रेचिड एक्झिस्टन्स’ जास्त ऐकू येतं, कारण त्यात जगणं म्हणजे नुसतं तग धरणं ही छटा आहे.

एखाद्या वस्तूच्या किंवा कामाच्या दर्जाला लागला तर तो ‘भिकार’ किंवा ‘रद्दी’. रेचिड फूड, रेचिड हँडरायटिंग, रेचिड वेदर. मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर गेला की ‘अ रेचिडली हॉट आफ्टरनून’ म्हणता येतं. इथे दुःखाचा काही संबंध नाही, नुसता वैताग आहे.

आणि चौथा वापर, जो मराठी शाळांतून जवळपास शिकवलाच जात नाही: निव्वळ राग काढण्यासाठी. ‘व्हेअर इज दॅट रेचिड की?’ म्हणजे ‘कुठे गेली ती मेली किल्ली?’ किल्ली दुःखी नाही, गरीब नाही, खराबही नाही. बोलणारा फक्त चिडलाय. आपल्याकडच्या आज्या ‘मेला पाऊस’, ‘मेली लाइट’ म्हणतात तो ‘मेला’ आणि हा रेचिड यांच्यात सुईच्या टोकाइतकंही अंतर नाही. सभ्य माणसाच्या तोंडी शोभणारी ही शिवी आहे आणि ती ब्रिटिश बोलण्यात जास्त सापडते.

या चौथ्या वापराला एक कडक नियम आहे. तो अर्थ फक्त नामाच्या आधी मिळतो. ‘दॅट रेचिड डॉग’ म्हणजे ‘तो मेला कुत्रा’, रात्रभर भुंकून झोपमोड करणारा. हेच फिरवून ‘द डॉग वॉज रेचिड’ म्हटलं की राग निघून जातो आणि कुत्रा स्वतः हालात असल्याचा अर्थ होतो, बहुधा उपाशी, खरजेनं भरलेला. मराठीत ‘कुत्रा मेला’ आणि ‘मेला कुत्रा’ यांत जागा बदलली की अर्थ कुठल्या कुठे जातो, तसंच हे. भाषांतर करताना विशेषण नामाच्या आधी आहे की नंतर, हे पाहिल्याशिवाय मराठी शब्द निवडू नये.

माणसाच्या आधी हे विशेषण लावताना हात जपून चालवावा लागतो. सोलापूरवर इंग्रजीत लिहायला बसलं की विषय हलाखीचेच निघतात. १८७६ ते १८७८ चा मोठा दुष्काळ, १९७२ चा दुष्काळ, एकामागून एक बंद पडलेल्या गिरण्या, यंत्रमागावर उभं राहून काम, हजार बिड्यांच्या हिशोबानं मिळणारी मजुरी. असा मजकूर लिहिताना ‘द रेचिड बीडी वर्कर्स’ किंवा ‘रेचिड वुमेन’ असं हातून जातं. लिहिणाऱ्याच्या मनात करुणा असते, पण वाचणाऱ्याला ‘दळभद्री बायका’ असं ऐकू येऊ शकतं, कारण नामाच्या आधीच्या जागेत दया, तुच्छता आणि राग तिन्ही एकमेकांना खेटून बसलेले आहेत. दिवसभर तेंदूपत्ता कापून, तंबाखू भरून, दोरा बांधून घर चालवणाऱ्या बाईला हा शब्द चिकटवणं चूक आहे, व्याकरणानं चालत असलं तरी.

दुरुस्ती सोपी आहे. विशेषण माणसावरून उचलायचं आणि परिस्थितीवर ठेवायचं. ‘रेचिड वर्कर्स लिव्ह हिअर’ खोडा आणि ‘वर्कर्स लिव्ह हिअर इन रेचिड कंडिशन्स’ लिहा. ‘अ रेचिड फॅमिली’ नको, ‘अ फॅमिली इन रेचिड सर्कमस्टन्सेस’ चालेल. हाल परिस्थितीचे आहेत, माणसं त्यात सापडली आहेत, हे वाक्याच्या बांधणीतूनच दिसलं पाहिजे. मराठीतसुद्धा ‘भिकार माणसं’ आणि ‘भिकार खोल्यांत राहणारी माणसं’ यांत आपण हा फरक पाळतोच की. इंग्रजीत गेल्यावर तो सोडायचं काही कारण नाही.

एक उतारा करून पाहू. मराठी मजकूर असा: ‘वर्षानुवर्षं भाड्याच्या कोंदट खोल्यांत दिवस काढलेल्या असंघटित कामगारांसाठी सोलापूरजवळच्या कुंभारीच्या रे नगरमध्ये घरं बांधली गेली. जानेवारी २०२४ मध्ये १५ हजार घरांचं लोकार्पण झालं.’ यात ‘कोंदट खोल्यांत दिवस काढले’ इथेच आपल्या शब्दाची जागा आहे, बाकी कुठेच नाही. ‘आफ्टर इयर्स इन रेचिड, एअरलेस रेंटेड रूम्स’ एवढं पुरतं. कामगारांना ‘पुअर’ हेही लावायची गरज नाही, खोल्या सगळं सांगतात. एका परिच्छेदात रेचिड एकदाच. दुसऱ्यांदा आला की त्याची धार जाते आणि लेखक रडतोय असं वाटायला लागतं.

दुष्काळाच्या वाक्यांत मात्र हा शब्द बहुतेक वेळा टाळावा. ‘लोकांचे अतोनात हाल झाले’ यासाठी ‘द पीपल वेअर रेचिड’ म्हणणं लुळं पडतं. ‘द पीपल सफर्ड टेरिब्ली’ किंवा ‘द फॅमिन ब्रॉट अनटोल्ड मिझरी’ हे नेमकं बसतं. रेचिड ही एक अवस्था आहे, चित्रासारखी स्थिर. दुष्काळात काहीतरी घडत असतं, माणसं चालत असतात, गुरं मरत असतात. तिथे क्रियापद हवं.

शब्दाची बाकीची रूपं झटपट पाहून घ्या. रेचिडनेस हे भाववाचक नाम आहे, बारा अक्षरांचं. त्याच्या आधी ‘अ’ येत नाही आणि त्याचं अनेकवचन होत नाही. रेचिडली हे क्रियाविशेषण. तुलना करताना ‘मोअर रेचिड’, ‘मोस्ट रेचिड’ लिहावं. शब्द मुळातच टोकाचा असल्यानं ‘व्हेरी’ त्याच्यापुढे फिका पडतो. जोर द्यायचाच असेल तर ‘अटरली’ लावा. ‘द रेचिड’ एवढंच लिहिलं तर ‘दीनदुबळे’ असा समूह होतो आणि पुढे क्रियापद अनेकवचनी लागतं: ‘द रेचिड आर’, ‘इज’ नाही. नुसतं नाम रेच मोजता येतं. ‘पुअर रेच’ म्हणजे बिचारा, बापडा; लहान पोराला लाडानं ‘लिटल रेच’ म्हणजे ‘मेल्या’. पण ‘यू रेच!’ म्हणजे सरळ ‘नीच माणसा!’ आणि ते आता जुन्या नाटकातल्यासारखं वाटतं.

शेजारचे शब्द वेगळे ठेवता आले पाहिजेत, नाहीतर सगळ्या हालांना एकच रंग येतो. मिझरी हा सर्वांत रुंद शब्द, मनाचे आणि शरीराचे दोन्ही हाल त्यात मावतात. शंका असेल तिथे तोच वापरा. कंजूष या अर्थाचा माइझर त्याच लॅटिन मुळातून आलाय, म्हणून मुलं माइझर्ली आणि मिझरेबल यांची अदलाबदल करतात. पैसा असून न खर्चणारा माइझर्ली. अगनी ही जिवाला पीळ पाडणारी वेदना, बहुधा शरीराची, आणि ती ‘इन’बरोबर येते: ‘ही वॉज इन अगनी’. अँग्विश मनाची तळमळ, हरवलेल्या पोराच्या आईची. डेस्टिट्यूशन म्हणजे हातात काहीच न उरणं. त्यात भावना नाही, हिशोब आहे, म्हणून अहवालात तो शोभतो. स्क्वॉलर म्हणजे घाण आणि दाटीवाटी, तुंबलेल्या गटाराशेजारची झोपडी. गरिबी स्वच्छ असू शकते, स्क्वॉलर नाही. आणि अ‍ॅब्जेक्ट. याचा अर्थ खाली फेकलेला. तो एकटा फारसा येत नाही, पॉव्हर्टी, मिझरी, फेल्युअर अशा शब्दांना धरून येतो. ‘अ‍ॅब्जेक्ट पॉव्हर्टी’ म्हणजे आपलं अठराविश्वे दारिद्र्य.

अर्जात, तक्रारीत रेचिड लिहू नये. चार-चार दिवसांनी येणाऱ्या पाण्याबद्दल महापालिकेला इंग्रजीत लिहिताना ‘द रेचिड वॉटर सप्लाय’ असं गेलं तर ते ‘मेलं पाणी’ होतं. चीड रास्त असली तरी कागद कमजोर होतो. ‘इरेग्युलर अँड इनॅडिक्वेट’ लिहा, दिवस आणि तास लिहा. रस्त्यासाठी ‘इन अ डिप्लोरेबल कंडिशन’ चालतं. रजेच्या अर्जातही ‘आय अ‍ॅम फीलिंग रेचिड’ नको, ‘अनवेल’ पुरे.

हात बसण्यासाठी पाच वाक्यं इंग्रजीत करून पाहा, मग पुढची उत्तरं वाचा. मुतखड्याच्या कळांनी तो तळमळत होता. मेला हा मोबाइल पुन्हा बंद पडला! गिरणी बंद झाल्यावर कित्येक कुटुंबं देशोधडीला लागली. आईशी भांडून आल्याचं तिला दिवसभर खात होतं. दहा बाय दहाच्या त्या खोल्यांत आठ-आठ माणसं राहत.

पहिल्यात रेचिड चालणार नाही, कळ शरीराची आणि तीव्र आहे, म्हणून ‘इन अगनी’. दुसऱ्यात बिनधास्त ‘धिस रेचिड फोन’, नामाच्या आधी. तिसऱ्याला मुळातल्या हद्दपारीमुळे रेचिड जवळचा वाटतो, पण आजच्या इंग्रजीत इथे पैसा संपल्याची गोष्ट आहे, म्हणून ‘वेअर लेफ्ट डेस्टिट्यूट’. चौथं ‘शी फेल्ट रेचिड ऑल डे अबाउट द क्वॉरल विथ हर मदर’. पाचव्यात विशेषण खोल्यांना द्या: ‘एट टू अ रूम, इन रेचिड टेन-बाय-टेन रूम्स’. आठ माणसांपुढे काहीही लिहू नका.